झालं ते झालं, पण पश्चात्तापाचं काय करायचं?

रागाच्या भरात पाठवलेला मेसेज डिलीट करता येतो. पण समोरच्यानं तो वाचला असेल, तर डिलीट होतात ती फक्त अक्षरं. वाचताना त्याचा चेहरा उतरला असेल, तो काही आपल्या बोटाच्या एका टचनं पूर्ववत होत नाही. पश्चात्तापाचं सगळं दुखणं या फरकात आहे. कृती संपलेली असते, तिचे परिणाम चालू असतात. आणि मन मात्र परिणामांकडे बघायचं सोडून संपलेल्या कृतीच्या बंद दारावर धडका देत राहतं.

प्रत्येक पश्चात्तापात थोडं काम असतं आणि थोडं दुःख असतं. काम उरकता येतं. दुःख उरकत नाही, ते सोसावं लागतं. माणसं अडकतात ती बहुतेक वेळा या दोन्हींची अदलाबदल झाल्यामुळे. माफी मागायची बाकी असते तिथे नुसती झुरत बसतात, आणि ज्याला उपायच उरलेला नाही त्यावर रात्र रात्र जागून उपाय शोधत राहतात. ही गुंतागुंत कशी सोडवायची, ते टप्प्याटप्प्यानं बघू.

मागे का जाता येत नाही

भौतिकशास्त्राचं उत्तर थोडक्यात असं. फुटलेल्या काचेचे तुकडे जोडता येतात, पण फुटण्याआधीची काच मिळत नाही. १८६५ मध्ये रुडॉल्फ क्लॉसियस यांनी यासाठी ‘एंट्रॉपी’ हा शब्द दिला: बाहेरून काही आत येत-जात नसेल, तर विस्कळीतपणा वाढत जातो, आपोआप कमी होत नाही. काळाच्या या एकाच दिशेला आर्थर एडिंग्टन यांनी १९२७ मध्ये ‘काळाचा बाण’ म्हटलं. मराठीत आपण सुटलेल्या बाणाबद्दल बोलतो तेव्हा नेमकं हेच म्हणत असतो.

माणसांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि व्यवहारात तेच महत्त्वाचं. आपली कृती दुसऱ्या माणसांतून पुढे वाहत जाते. कुणाबद्दल एक खोटी गोष्ट चौघांना सांगितली. त्या चौघांनी ती आणखी कुणाकुणाला सांगितली, त्यातल्या एकानं त्यावरून एखादा निर्णयही घेतला. आता ‘मी ते मागे घेतो’ म्हटल्यानं काहीच मागे येत नाही. खोटं ज्या वाटांनी गेलं, त्याच वाटांनी खरं स्वतः चालत जाऊन पोचवावं लागतं, तेही जिथपर्यंत वाट दिसते तिथपर्यंतच. म्हणून पश्चात्ताप झाल्यावर पहिला प्रश्न ‘मी असं का केलं?’ हा नसावा. ‘यातलं अजून काय चालू आहे?’ हा असावा. चालू असलेलं थांबवता येतं.

आपल्याला नेमकं काय होतंय

मराठीत या भावनेला एकच शब्द नाही, बरेच आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हातातून काही निसटलं की हळहळ. करायचं छोटंसं काही राहून गेलं की चुटपुट. राहून गेलेलं मोठं असेल आणि वर्षानुवर्षं आत कुरतडत असेल, तर रुखरुख. आपल्यामुळे कुणाला लागलं असेल, तर टोचणी. ‘मी असं वागलो’च्या पुढे जाऊन ‘मी आहेच असा’ वाटायला लागलं, की शरम. सगळं कळून आणि कबूल करूनही मागे उरते ती खंत. स्वतःला काय होतंय हे ओळखायला हे शब्द फार कामाचे आहेत, कारण प्रत्येकावरचा इलाज वेगळा आहे.

हळहळ बहुतेक वेळा आपोआप ओसरते. चुटपुट लागली असेल तर तो फोन, ती परतफेड, ते राहिलेलं ‘थँक यू’ आजच उरकून टाकावं. काम दहा मिनिटांचं असतं, पण चुटपुट महिनोन्महिने टिकते.

रुखरुख मात्र विचित्र आहे. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं, की नुकत्याच घडलेल्या गोष्टींमध्ये आपण केलेलं जास्त टोचतं, पण आयुष्याकडे मागे वळून बघताना न केलेलं जास्त सलतं. केलेल्या गोष्टीचा काहीतरी एक निकाल लागलेला असतो. तो वाईट असला तरी मन हळूहळू त्याच्याशी जुळवून घेतं. न केलेल्या गोष्टीचा निकालच नसतो. म्हणून मन दर वेळी तिचा सर्वांत सुंदर शेवट रचतं आणि वास्तव त्याच्यासमोर दर वेळी फिकं पडतं. रुखरुखीवर एक सोपा प्रयोग आहे. न निवडलेल्या वाटेचं एक पूर्ण, साधं वर्ष कागदावर लिहून काढा: आजारपण, कंटाळा, भांडणं, पैशांची ओढाताण सगळं धरून. आपण हातातल्या आयुष्याची तुलना दुसऱ्या आयुष्याच्या निवडक क्षणांशी करत होतो, हे लिहिता लिहिताच दिसायला लागतं.

टोचणी आणि शरम यांतला फरक सर्वांत मोलाचा. टोचणी माणसाला दुरुस्तीकडे नेते, शरम त्याला तोंड लपवायला लावते. ओळखायची खूण व्याकरणात आहे. ‘मी खोटं बोललो’ यात क्रियापद आहे. ‘मी खोटारडा आहे’ यात विशेषण आहे. क्रियापदाची माफी मागता येते, विशेषणाची येत नाही. म्हणून मनात विशेषण आलं की त्याचं क्रियापद करायचं आणि त्याला तारीख जोडायची. ‘मी नालायक बाप आहे’ या वाक्याचं काहीच करता येत नाही. ‘गेल्या तीन महिन्यांत मी मुलीला दिलेल्या दोन वेळा पाळल्या नाहीत’ या वाक्याचं पुष्कळ काही करता येतं.

मन हिशेबात गडबड कुठे करतं

पश्चातबुद्धी हा शब्द आपण टोमण्यासारखा वापरतो, पण ती खरोखरच मेंदूची एक ठरलेली खोड आहे. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये लोकांना इंग्रज आणि गुरखे यांच्यात १८१४ मध्ये पेटलेल्या संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट ‘हेच घडलं’ म्हणून सांगितला. ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. शेवट माहीत नसल्यासारखं उत्तर द्या म्हटलं, तरी लोकांना ते जमलं नाही. निकाल एकदा कळला की तो मागे झिरपत जातो आणि ‘मला तेव्हाच कळायला हवं होतं’ हे वाक्य तयार होतं.

दुसरी गडबड थोडक्यात हुकण्याची. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ मध्ये दोन प्रवाशांचा प्रसंग लोकांपुढे ठेवला. दोघेही वाहतुकीत अडकून विमानतळावर अर्धा तास उशिरा पोचतात. एकाचं विमान वेळेवर निघून गेलेलं असतं. दुसऱ्याचं लांबलेलं असतं आणि पाचच मिनिटांपूर्वी उडालेलं असतं. दुसरा जास्त हळहळेल असं ९६ टक्के लोकांनी सांगितलं. विमान दोघांचंही गेलं. पण पाच मिनिटं मनात खोडून दुरुस्त करणं सोपं असतं, तीस मिनिटं नाही. म्हणजे पश्चात्तापाची तीव्रता चूक केवढी मोठी होती यावर जेवढी ठरते, तेवढीच ‘जर-तर’ रचणं किती सोपं आहे यावरही ठरते. खूप दुखतं म्हणजे खूप चुकलं, असं समीकरण मांडता येत नाही.

आणि तिसरी: ‘जर-तर’ रचताना मन बहुधा स्वतःची कृती बदलून बघतं, कारण ती आपल्या ताब्यातली वाटते. रस्त्यावरचं तेल, समोरच्याचा वेग, अंधार यांपैकी काहीच मन बदलून पाहत नाही. ‘मी पाच मिनिटं उशिरा निघालो असतो तर’ एवढंच बदलतं. मग सगळी जबाबदारी आपल्याकडे सरकते.

पाच रकान्यांचा कागद

यावरचा उपाय डोक्यात करता येत नाही. तो कागदावरच करावा लागतो.

समजा, एका मुलीची आई उशिरा निदान झालेल्या आजारानं गेली, आणि ‘मी वेळेत डॉक्टरकडे नेलं नाही’ हे मुलीला खातंय. तिनं कागद आडवा धरून पाच रकाने आखायचे. तारीख. तेव्हा काय दिसत होतं. त्याचा तेव्हा काय अर्थ लागू शकत होता. मी काय केलं. आणि एका जाड रेघेपलीकडे: नंतर काय कळलं. पाचवा रकाना सर्वांत शेवटी भरायचा, आणि पहिले चार भरताना तो घडी घालून मागे दुमडायचा.

पहिला आठवडा: आई लवकर दमते. अर्थ: झोप नीट नाही. विचारलं तर म्हणाली, “काही नाही गं, दोन दिवस झोप झाली नाही एवढंच.” केलं काय: दुपारी आडवं व्हायला सांगितलं. नववा दिवस: जेवण कमी झालंय. अर्थ: पोट बिघडलं असेल. केलं काय: हलकं जेवण दिलं. सतरावा दिवस: ब्लाउज खांद्यावरून घसरतोय, वजन उतरलंय हे डोळ्यांना दिसलं. अर्थ: आता दाखवायला हवं. केलं काय: “दाखवायला जाऊ” म्हटलं, पण ऑफिसात महत्त्वाचं काम होतं म्हणून पुढे ढकललं. एकोणतिसावा दिवस: डॉक्टरकडे नेलं. आता घडी उघडायची आणि पाचव्या रकान्यात निदान लिहायचं.

एकोणतीस दिवसांचा गुन्हा आता बारा दिवसांचा झाला. पहिल्या सोळा दिवसांत चूक म्हणावी असं काही नाही. सतराव्या दिवसापासून मात्र आहे: दिसलं होतं, कळलं होतं, आणि पुढे ढकललं. हा कागद माणसाला निर्दोष ठरवायला नसतो. तो चूक आहे तेवढीच दाखवतो, आणि आहे तेवढी चूक पेलता येते. पेलवत नाही ती तिची वाढत गेलेली सावली.

इथे चुकण्याची ठरलेली ठिकाणं आहेत. दुसऱ्या रकान्यात ‘काहीतरी गंभीर आहे हे जाणवत होतं’ असं लिहिलं जातं. तपासायचं असं: तेव्हा हे कुणाला बोललात का? तसं काही पाऊल उचललंत का? त्या दिवसांतले मेसेज, कॉलची यादी, डायरी काढून बघा. आठवण दर वेळी उजाळताना थोडी नव्यानं घडते, म्हणून त्या वेळचा लेखी पुरावा आजच्या आठवणीपेक्षा भरवशाचा. दुसरं, ‘कळायला हवं होतं’ हे शब्द पहिल्या चार रकान्यांत आले तर खोडून टाका. ते पाचव्या रकान्यातून गळून आलेले असतात.

उरलेल्या बारा दिवसांबद्दल एकच प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर इंटरनेटवर किंवा स्वतःच्या डोक्यात नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटून नेमकं विचारायचं: “निदान बारा दिवस आधी झालं असतं, तर उपचारांत आणि परिणामात काय फरक पडला असता?” ‘आम्ही उशीर केला का?’ असं विचारू नका. त्यावर समोरचा धीरच देणार. आकड्यात विचारलं की आकड्यात उत्तर मिळतं.

यानंतर जबाबदारीचे वाटे. संज्ञानात्मक वर्तन उपचारात, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या मानसोपचारात, ही पद्धत नेहमी वापरतात. घटनेला कारणीभूत असलेलं सगळं लिहायचं आणि प्रत्येकाला शंभरातला वाटा द्यायचा. क्रम महत्त्वाचा आहे: स्वतःचा वाटा अगदी शेवटी. आधी स्वतःला ऐंशी टक्के देऊन टाकले, की बाकी सगळ्यांना वीसमध्ये कोंबावं लागतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीनं लिहिलं: आजार सुरुवातीला लक्षणं दाखवत नाही, ५०. आईनं त्रास लपवला, १५. आधीच्या तपासणीत काही आढळलं नव्हतं, १५. घरातल्या इतरांच्याही लक्षात आलं नाही, १०. स्वतःसाठी उरले १०. आकडे कुणी बाहेरून ठरवायचे नसतात, ते लिहिणाऱ्याचे असतात. वाटणी करताना ‘हे कारण मी कधी मोजलंच नव्हतं’ असं जे लक्षात येतं, त्यासाठी हा खटाटोप.

एक इशारा. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीसाठी ही वाटणी वापरून अंग काढून घेऊ नये. दारू पिऊन गाडी चालवली, विश्वासाचे पैसे उचलले, घरात हात उगारला, अशा ठिकाणी आपला वाटा मोठाच निघतो आणि तो मोठाच राहिला पाहिजे. तिथे कागदाचं काम संपतं आणि पुढच्या भागाचं सुरू होतं.

माफी: काय म्हणायचं, काय नाही

रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक तपासले: दिलगिरी, काय झालं याचं स्पष्टीकरण, चूक आपली असल्याची कबुली, पुन्हा असं करणार नाही असा पश्चात्ताप, भरपाईची तयारी, आणि क्षमेची याचना. सर्वांत जास्त वजन कबुलीचं निघालं, त्याखालोखाल भरपाईचं. क्षमेची याचना सर्वांत हलकी ठरली. आपण नेमकं उलटं करतो. “माफ कर ना, प्लीज” यावर सगळा जोर, आणि चूक काय झाली ते अर्धवट पुटपुटलेलं.

‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ ही माफी नाही. ‘असेल तर’ या दोन शब्दांत समोरच्याच्या दुखण्यावरच शंका घेतलेली आहे. ‘सॉरी, पण तूही…’ यातला ‘पण’ आधीचं सगळं पुसून टाकतो. ‘मी किती वाईट आहे ना’ यानं तर ज्याला लागलं त्यालाच आपली समजूत काढायला बसावं लागतं.

बरी माफी कशी असते, ते बघा. “तुझी नोकरी गेली त्यावरून शनिवारी मी सगळ्यांसमोर तुझी चेष्टा केली. ते चुकीचं होतं आणि चूक माझी होती. तिथे जे चौघं होते त्यांनाही मी हेच सांगणार आहे. तुला आत्ता काही बोलायचं नसेल तर नको बोलूस.” यात दिवस आहे, कृती आहे, कबुली आहे, आणि भरपाई चूक झाली त्याच लोकांसमोर आहे. शेवटच्या वाक्यानं समोरच्यावर उत्तराचं बंधनही राहत नाही.

पैशाचा मामला असेल तर रक्कम, तारीख आणि हप्ते लेखी द्या. ‘जमेल तसं देईन’ म्हणजे जखम उघडी ठेवणं. कायद्याचा प्रश्न असेल तर आधी वकिलाशी बोला, पण सल्ला घेणं हे टाळण्याचं निमित्त होऊ देऊ नका. माफी एकदाच मागा. दर आठवड्याला सॉरी म्हणत राहिलं की समोरच्याला दर आठवड्याला ‘ठीक आहे’ म्हणावं लागतं. ती त्याच्याकडून केलेली वसुलीच झाली. त्यानं क्षमा केली नाही तरी आपलं काम पुरं झालेलं असतं. क्षमा हा त्याचा हक्क आहे, आपली थकबाकी नाही.

आणि कधी कधी माफी मागायला जाऊच नये. समोरच्यानं संपर्क नको असं स्पष्ट सांगितलं असेल तर. कबुलीमुळे तिसऱ्याच कुणाचं गुपित उघडं पडणार असेल तर. कबुलीचा फायदा फक्त आपलं मन हलकं होण्यापुरताच असेल तर. विचारायचं एवढंच: हे सांगितल्यावर उद्या सकाळी कुणाचं ओझं वाढलेलं असेल?

माणूसच राहिला नसेल, तर दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे न पाठवायचं पत्र. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये वापरलेली रीत साधी आहे: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, शुद्धलेखनाची फिकीर न करता, घडलं ते आणि वाटलं ते लिहायचं. लिहिल्या लिहिल्या जास्त जड वाटतं, हे आधीच माहीत असू द्या. नाहीतर माणूस पहिल्याच दिवशी वही मिटतो. दुसरी गोष्ट म्हणजे आडवाटेची भरपाई. जशी चूक झाली तशाच प्रकारची ती असावी आणि तिला मर्यादा असावी. वडिलांच्या एकटेपणाकडे दुर्लक्ष झालं असेल, तर महिन्यातले दोन शनिवार अशाच एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसासाठी, एक वर्ष. ‘आता आयुष्यभर’ म्हटलं की भरपाईची शिक्षा होते, आणि शिक्षा फार दिवस कुणी नेमानं भोगत नाही.

रात्रीचं रवंथ

दिवसा आवरलेलं मन रात्री उशीला डोकं टेकलं की सुरू होतं. हा विचार आहे की रवंथ, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे घड्याळ. वीस मिनिटांत एखादी नवी माहिती सापडली किंवा पुढचं एखादं पाऊल ठरलं, तर तो विचार. तेच वाक्य तिसऱ्यांदा आलं, तर रवंथ. रवंथात प्रश्न ‘का’नं सुरू होतात: मी असा का, माझ्याच बाबतीत का. त्यांना तळ नसतो. त्या जागी ‘काय’ आणि ‘कसं’ आणायचं: त्या वेळी नेमकं काय झालं, उद्या सकाळी काय करता येईल.

विचार दाबून जात नाहीत. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं, आणि आलाच तर घंटी वाजवायला. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा या लोकांना अस्वल आणखी जास्त आठवलं. दाबण्यापेक्षा पुढे ढकलणं सोपं पडतं. थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये काळजीसाठी वापरलेली पद्धत पश्चात्तापालाही चालते: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास. जागा पलंग नको, वेळ झोपेच्या तोंडावरची नको. दिवसभरात तो विचार आला की दोन-तीन शब्द टिपून ठेवायचे आणि स्वतःला सांगायचं, “साडेसहाला.” साडेसहाला टिपण काढून बसायचं, अर्धा तास झाला की उठायचं. पहिला आठवडा बहुधा फसतो. विचार साडेसहाची वाट बघत नाहीत. तरी सोडू नका. सवय लागायला काही आठवडे जातात.

मनाचं दार किलकिलं ठेवणाऱ्या गोष्टीही बंद कराव्या लागतात. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या फोटोंपैकी एकच निवडून ठेवायचा होता. काहींना तो नंतर बदलायची मुभा होती, काहींना नव्हती. मुभा नसलेल्यांना आपला फोटो जास्त आवडला. पक्कं झालं की मन आपणहून जुळवून घ्यायला लागतं. ‘अजून बदलेल’ असं वाटत राहिलं की ते काम सुरूच होत नाही. विकलेल्या घराची आजची किंमत दर महिन्याला बघणं, तुटलेल्या नात्यातल्या माणसाचं प्रोफाइल रोज उघडणं, हे मनाला ‘निर्णय अजून चालू आहे’ असं सांगणं आहे.

स्वतःला माफ करणं म्हणजे सोडून देणं नव्हे

स्वतःला छळलं की हिशेब फिटतो, अशी एक समजूत खोलवर असते. दुरुस्तीची संधी उरली नाही, की माणूस जास्तच सहज स्वतःला शिक्षा करायला लागतो: आनंदाच्या जागी जायचं नाही, नवे कपडे घ्यायचे नाहीत, कुणी कौतुक केलं तर झटकायचं. यातून ज्याला लागलं त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

मायकेल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी टंगळमंगळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी टंगळमंगळ केली. बहुतेकांना याच्या उलट वाटत असतं. पण स्वतःला माफ करण्याला क्रम आहे: आधी कबुली, मग शक्य ती भरपाई, मग पुढचा नियम, आणि मगच मोकळीक. पहिली तीन पावलं गाळून थेट मोकळीक घेतली, तर ती पळवाट असते. मनालाही ते कळतं आणि टोचणी परत येते.

पुढचा नियम अगदी ठोस हवा. ‘यापुढे रागावणार नाही’ हा नियम नाही, ती इच्छा आहे. ‘रागात लिहिलेला मेसेज मसुद्यात ठेवीन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून मगच पाठवीन’ हा नियम आहे. पश्चात्ताप अंगात आहे तो यासाठीच. नॅथाली कामिय आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये कपाळामागचा, डोळ्यांच्या खोबणीवरचा मेंदूचा भाग दुखावलेल्या रुग्णांना जुगारासारखा खेळ दिला. हरल्याचं त्यांना वाईट वाटायचं, पण ‘दुसरं निवडलं असतं तर’ ही हळहळ होत नव्हती, आणि पुढच्या निवडीत ते त्यातून शिकतही नव्हते. नियम ठरला आणि पाळला जाऊ लागला, की पश्चात्तापानं आपलं काम केलेलं असतं.

चूक नसतानाही

गाडी नियमात, वेग कमी, आणि तरी रस्त्यात अचानक मूल धावत आलं. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये अशाच ट्रकचालकाचं उदाहरण घेऊन म्हटलं, की त्याला वाटणारं दुःख बघणाऱ्याच्या दुःखाहून वेगळं असतं, कारण घडलं ते त्याच्या हातून. आणि ते वाटणं योग्यच आहे. ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याकडे आपण संशयानं बघू. अशा माणसाजवळ बसताना लगेच “तुझी काही चूक नाही” म्हणू नका. ते खरं असलं तरी त्याला एकटं पाडतं. आधी ऐकून घ्या, त्याला जे पुन्हा पुन्हा दिसतंय ते बोलू द्या, आणि दोषाची गोष्ट त्यानं विचारल्यावर सांगा.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही, आणि अपराधीपणा घडलेल्या गोष्टीच्या मानानं कितीतरी मोठा, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. अवाजवी अपराधीपणा हे त्याचं एक मान्य लक्षण आहे. क्षुल्लक गोष्टींची पुन्हा पुन्हा कबुली द्यावीशी वाटणं, दर वेळी कुणीतरी ‘काही झालं नाही’ म्हणेपर्यंत चैन न पडणं, हे मंत्रचळाच्या आजाराचं (ओसीडीचं) रूप असू शकतं. तिथे वारंवार धीर देण्यानं आजार वाढतो, म्हणून घरच्यांनीही तज्ज्ञाला विचारूनच वागावं. घडलेला प्रसंग जिवंत होऊन डोळ्यांसमोर येत असेल तरी मदत घ्या. आणि जगण्यात अर्थ नाही, स्वतःला संपवावं असे विचार येत असतील, तर पाच रकान्यांचा कागद बाजूला ठेवा. त्याच दिवशी एखाद्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, आणि मनोविकारतज्ज्ञ किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

जे उरतं ते

आई गेलेल्या त्या मुलीनं डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर असं मिळू शकतं: बारा दिवसांनी निदान बदललं नसतं, आजाराची अवस्थाही नाही, पण दुखणं कमी करणारी औषधं बारा दिवस आधी सुरू झाली असती. म्हणजे तिच्या वाट्याचे दहा टक्के खरे आहेत. त्यांचं आता काही काम उरलेलं नाही. वडिलांचं वजन महिन्यातून एकदा तपासायचं, आणि कारण नसताना उतरलं तर आठवड्याच्या आत दाखवायचं, हा नियम झाला. पत्र लिहून झालं. मागे राहिली ती खंत.

खंत तारखा ओळखते. वर्ष फिरून तो सतरावा दिवस आला की कारण कळायच्या आधीच चिडचिड होते, झोप मोडते. म्हणून ती तारीख आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. त्या दिवशी मोठं काम घेऊ नये आणि घरातल्या एकाला तरी आदल्या दिवशी सांगून ठेवावं. कागद काढावा, पाचही रकाने वाचावेत, रडू आलं तर येऊ द्यावं. अर्ध्या तासानं त्याच जुन्या घडीवर दुमडून तो परत खणात ठेवावा आणि वडिलांना विचारावं, “बाबा, या महिन्यात वजन केलंत का?”